बत्तीस अक्षरांचं नाव

अल्का रामटेके तिरोड्याच्या एका खासगी महाविद्यालयात संगणक शिकवायची. कंत्राटी. दर जूनला नवा अर्ज, नवी सही. वडील यादोराव बोदलकसाच्या कालव्यावर मजुरी करत; घरात बीएस्सी झालेली ती पहिलीच. सी भाषा ती नागपूरला शिकली होती, आणि जरा जास्तच नीट शिकली होती. तेच पुढे तिला भोवलं.

महाविद्यालयात प्रात्यक्षिकाचे गुण भरायचा प्रोग्राम विभागप्रमुख खेमराज सरांनी २००० साली लिहिलेला. त्यात नावाला बत्तीस अक्षरांची जागा आणि तिला लागूनच गुणांची. नाव वाचायला सरांनी 'गेट्स' वापरलं होतं. हे फंक्शन कळफलकावरून येईल तेवढं आत घेत राहतं. जागा किती ते विचारतच नाही. नाव लांब निघालं की उरलेलं शेजारच्या जागेत सांडतं, आणि मशीन चकार शब्द काढत नाही.

२००३ च्या दिवाळीनंतर अल्काच्या हे लक्षात आलं. आठ ओळींचा बदल कागदावर लिहून ती सरांकडे गेली.

"सर, इथं 'एफगेट्स' घालू ना जी. त्याले जागा किती ते सांगता येते. नाव मावलं नाही तं उरलेलं वाचून फेकाचं आन् पुन्हा मांगाचं."

खेमराज सरांनी कागद वाचला नाही, ड्रॉवरमध्ये सरकवला. "चार साल से चल रहा है ना? काऊन बिघडवून राहिलीस? तुमच्या लोकाइले नोकरी भेटली का लगेच मास्तराले शिकवाले लागता."

'तुमच्या लोकाइले' म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. अल्का वर्गावर गेली.

फेब्रुवारीत गुण भरून झाले. मार्चमध्ये नावांच्या दुरुस्त्या आल्या. दुसऱ्या वर्षाची योगेश्वरी अर्ज घेऊन आली. यादीत वडिलांचं नाव नुसतं 'एम' असं पडलं होतं, तिला पूर्ण हवं होतं. अल्काने इंग्रजीत टाइप केलं : योगेश्वरी मनोहरलाल रहांगडाले. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून नेमकी बत्तीस अक्षरं. नाव मावलं. पण सी भाषेत नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बसतं. ते तेहतिसावं. त्याला जागा उरली नव्हती, म्हणून ते शेजारच्या गुणांवर जाऊन पडलं. चाळीसपैकी सदतीस होते, त्यांचे शून्य झाले. दुरुस्तीच्या पडद्यावर फक्त नाव दिसायचं.

अक्षरं मोजायला हवी होती, हे अल्काने स्वतःला पुढे अनेकदा ऐकवलं. पण त्या दिवशी दाराबाहेर पोरांची रांग लागली होती.

जूनमध्ये निकाल लागला. योगेश्वरी प्रात्यक्षिकात नापास. मनोहरलाल मुलीला घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन बसले. खेमराज सर म्हणाले, "टाइप मॅडमनं केलं. प्रोग्राममध्ये खराबी नाही."

अल्काने सगळ्यांना संगणकाच्या खोलीत नेलं. सदतीस गुण भरले, मग तेच नाव पुन्हा टाइप केलं आणि यादी उघडली. शून्य. खेमराज सर खिडकीबाहेर पाहू लागले. मनोहरलालना आणि मागे मान खाली घालून उभ्या योगेश्वरीला त्यातलं फारसं काही कळलं नाही. प्राचार्यांना कळलं. त्यांनी बापलेकीला बाहेर बसवलं.

"बाई, दिसलं मले. पण प्रोग्राम चुकला असं विद्यापीठाले लिहिलं, तं चार वर्षांच्या याद्या उकरतीन. टाइप करताना तुमच्या हातून चूक झाली, असं लिहून द्या. पोरीचे गुण दुरुस्तीले पाठवतो."

"मी नाही चुकली जी."

"मंग जाऊ द्या पोरीचं वर्ष."

बाहेर बाकावर योगेश्वरी ओढणीनं डोळे पुसत होती. अल्काने लिहून दिलं.

ती चिठ्ठी प्राचार्यांच्या टेबलावर एकोणीस दिवस पडून राहिली. विद्यापीठात पोचली तेव्हा दुरुस्तीची मुदत संपली होती. योगेश्वरीचं वर्ष गेलंच. बापाने पुढे शिकवलं नाही. त्याच हिवाळ्यात लांजीकडे लग्न लावून दिलं. अल्काच्या नव्या अर्जावर सही झाली नाही. कारण विचारलं तर तिच्याच चिठ्ठीची प्रत दाखवली : चूक कबूल केलेली.

दोन वर्षांनी तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातल्या प्रोग्रामची छापील प्रत आणून दाखवली. नाव लांब झालं की तो आता पुन्हा मागत होता. आठच्या आठ ओळी अल्काच्या होत्या. अक्षरांच्या मर्यादेच्या आकड्याला तिने 'जागा' असं नाव दिलं होतं, तेवढंही बदललं नव्हतं. वर लिहिलं होतं : सुधारणा, खेमराज सर.

"घेऊन जा रे हे," ती म्हणाली.

मग तिने बाजाराजवळ एक खोली घेऊन क्लास काढला. पण वीज प्रकल्प आला तेव्हा पोरांना टायपिंग आणि एक्सेल हवं होतं. सी शिकायला वर्षाला चार-पाच जण यायचे, पुढे तेही थांबले.

२०१३ च्या उन्हाळ्यात तिरोड्याच्या बसस्थानकावर कोणीतरी तिला हाक मारली. कडेवर मूल, हातात पिशवी. योगेश्वरी.

"मॅडम, ओळखलं का जी? तेव्हा तुमचा लय राग आला होता. बाबूजीनं कॉलेजातून तुमच्या चिठ्ठीची नक्कल आणून वाचून दाखवली होती. मंग वाटलं, मानूसच आहे, चुकते. मी कधीच माफ केलं तुम्हाले."

"योगेश्वरी, ते मी..."

"जाऊ द्या न जी. झालं ते झालं." तिने पिशवी खांद्याला अडकवली. गोंदियाची बस लागली होती. ती गर्दीतून पुढे घुसली आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर हसून हात हलवला.

अल्कानेही हात हलवला.