जीव दाताला अडकवून

वरदा,

तुझ्याविषयी लिहायला बसले आहे, आणि तुझ्याशीच बोलत लिहिणार आहे. तुझ्या पाठीमागे तुझ्याविषयी बोलणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकीलाही धड काही माहीत नाही. पुष्करला नागपुरात मोठी ऑफर आली म्हणून तुम्ही इंग्लंडातलं हे बेसिंगस्टोक सोडलंत, असं त्या म्हणतात. म्हणणारच. तूच तसं सांगून गेलीस.

कसली ऑफर? जानेवारीत पुष्करची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने अख्खी टीम एका व्हिडिओ कॉलवर काढली, आणि नोकरीबरोबर व्हिसाचा आधारही गेला. दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही, तर एप्रिल संपायच्या आत चंबूगबाळं आवरायचं. आणि ईशानीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, मेमध्ये! दोन वर्षांचा अभ्यास, आणि परीक्षेच्या तोंडावर पोरीला विमानात बसवायचं.

"काकू, मला इथलं घर नको, गाडी नको," तू माझ्या किचनमध्ये उभी राहून म्हणाली होतीस. "तिची परीक्षा तेवढी होऊ दे. मग डोक्यावर बॅगा घेऊन चालत जाईन मी नागपूरला."

पुष्कर मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा. गळ्यात जुन्या ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी. कार्ड परत केलेलं, म्हणून पट्टीचं टोक शर्टाच्या खिशात खुपसलेलं. जायचा कुठे, तर लायब्ररीत. तिथे बसून अर्ज करायचा, आणि ऑफिस सुटायच्या वेळेला घरी यायचा. का, तर इथल्या महाराष्ट्र मंडळात कळता कामा नये.

"अगं, निम्मं मंडळ आयटीत आहे," मी म्हटलं. "ह्या लोकांना नोकऱ्या लागतात त्या एकमेकांच्या ओळखीनेच. त्यांना नाही सांगायचं तर काय लायब्ररीतल्या पुस्तकांना सांगायचं?"

"हे मंडळाचे सेक्रेटरी आहेत, काकू. स्टेजवर माइक घेऊन उभे राहतात. त्यांना नाही सहन होणार."

"आणि तुला होतंय?"

तू कपबशा विसळायला लागलीस. माझ्या घरातल्या!

तुझ्या व्हिसावर तुला काम करायला परवानगी होती, म्हणून तू स्टेशनजवळच्या गुल्तेनच्या दुकानात लागलीस. तुर्की बाई, पन्नाशीची, आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू येणारा. रस्त्याकडेच्या काचेमागे बसून गोझलेमे लाटायचं काम. कागदासारखी पातळ पोळी, आत पालक आणि चीज, घडी घालून उपड्या तव्यावर भाजायची. पुरणपोळी करणाऱ्या बाईला त्यात काय कठीण, असं वाटलं होतं तुला. पण त्यांचं लाटणं म्हणजे हातभर लांब छडी. पोळी तिच्यावर गुंडाळायची, तळव्यांनी दाबत सरकवायची, उलगडायची, परत गुंडाळायची. पहिल्या दिवशी तुझ्या सगळ्या पोळ्या फाटल्या. संध्याकाळी तू माझ्या ओट्यावर कणीक घेऊन बसलीस आणि माझ्या न्हाणीघरातल्या पडद्याची दांडी काढून सराव केलास. दांडी परत नीट बसली नाही ती नाहीच.

आणि मग त्या शनिवारी फुलत, जवळजवळ पळत आलीस. दुकानात रांग दारापर्यंत होती, तव्याच्या कडेने मनगट भाजलं, तरी तू थांबली नव्हतीस. तेव्हा गुल्तेन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडली होती, "वरदा! जानीनी दिशिने ताक्तिन!"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे मी जीव दाताला अडकवला!" तू हसत होतीस. कितीतरी आठवड्यांनी. "मला पण कळेना, तर तिने छडी आडवी दातात धरली आणि दोन्ही हात हलवून दाखवले. दोन्ही हात कामात गुंतले, मग जीव ठेवायचा कुठे? दातात! जीव तोडून काम करणाऱ्याला म्हणतात तसं. आपलं जिवाचं रान करणं, तसंच ना काकू?"

मला खोटं कौतुक जमत नाही. मी म्हटलं, "तसंच नाही. जिवाचं रान करणारा धावतो, दारं ठोठावतो, गावभर हाका मारतो. दातात जीव धरलेल्याला तोंड उघडता येत नाही."

तुझं हसू गेलं. पण मी अजूनही तेच म्हणेन. तू गुल्तेनचे शब्द पाठ केलेस, गुल्तेनकडे पाहिलं नाहीस. तिचा बॉयलर बिघडला तेव्हा तिने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, आणि दुपारपर्यंत त्यांच्यातलाच एक दुरुस्तीवाला हत्यारं घेऊन हजर झाला होता. ती राबत होतीच, पण जगाला ओरडून सांगतही होती.

तू रात्री झोपेत दात इतके आवळायला लागलीस की सकाळी जबडा दुखायचा. ईशानी एकदा शाळेतून परस्पर माझ्याकडे आली. "नीनाकाकू, माझा एक्झाम होणार ना? आई काय सांगत नाही. फक्त तिचा दात दुखतो बोलते." सोळा वर्षांच्या मुलीला मी काय सांगणार? चहा दिला.

मग मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला ब्रिस्टलहून तनू आणि उल्हास आले. तनू तुझी नागपूरची कॉलेजातली मैत्रीण, आणि उल्हास विमानांची सॉफ्टवेअरं करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कार्यक्रमाआधी दोघं गुल्तेनच्या काचेसमोर उभे राहिले. तुझ्या डोक्याला पांढरा रुमाल, मान खाली. तनू तुझ्या हातांचा व्हिडिओ काढत नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, ह्या तुर्की बायकांचा हात काय सुरेख चालतो! मला मेलीला साधी पोळी गोल येत नाही." तू मान वर केली नाहीस, हे तूच मला नंतर सांगितलंस.

आणि त्याच संध्याकाळी हॉलमध्ये, माझ्या शेजारी बसून श्रीखंड खाता खाता, उल्हास कुरकुरत होता की टीमला माणूस मिळत नाही, स्पॉन्सर करायची तयारी आहे तरी मिळत नाही. काम पुष्करचंच. शब्दन् शब्द त्याचंच. पुष्कर तेव्हा स्टेजवर माइक घेऊन पाहुण्यांचं स्वागत करत होता.

मी तुला खेचत पॅसेजमध्ये नेलं. "आत्ताच्या आत्ता सांग."

"काकू, तुम्हाला ईशानीची शपथ आहे. तुम्ही नाही बोलायचं."

"ईशानीची शपथ घालतेस, आणि ईशानीचीच परीक्षा घालवतेस?"

तेव्हा तू रडलीस. तोंडावर हात दाबून, आवाज न करता, आतून टाळ्या ऐकू येत असताना. मग म्हणालीस, "मी सांगेन. मीच सांगेन. फोनवर नाही. तुम्ही न्याल मला तिच्याकडे?"

ठरलं. पुढच्या शनिवारी सकाळी ब्रिस्टल. गाडी मी काढायची, पुष्करला जाऊन आल्यावर सांगायचं, बोलायचं तू. गुल्तेनला तू एवढंच सांगितलंस की मैत्रिणीकडे जायचंय, तर तिने तनूसाठी डझनभर गोझलेमे करून, फॉइलमध्ये गुंडाळून आदल्या दिवशीच माझ्याकडे पाठवले.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा मेसेज आला. 'काकू, उद्याचं राहू दे. ह्यांना कळलं. भीक मागायची नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात समजावते.' मी बेल वाजवली, तर दार पुष्करने उघडलं आणि तू झोपली आहेस म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिकिटं आली. ईशानीने जाताना केमिस्ट्रीची पुस्तकं मला आणून दिली, "दुसऱ्या कोणाला द्या."

आज तिचा केमिस्ट्रीचा पेपर होता.

तनूला मी अजून काही बोललेले नाही. शपथ तू घातली आहेस, सोडवायची तूच. उल्हास अजून माणूस शोधतोय. गोझलेमे माझ्या फ्रीजरमध्ये आहेत. गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हमध्ये तनूचा पोस्टकोड घालून ठेवला होता, तो गाडी सुरू केली की अजून सगळ्यात वर दिसतो. मला रोज सेन्सबरीत किराणा आणायला जायचं असतं, आणि रोज सॅटनॅव्हमधली ती बाई विचारते, ब्रिस्टलला निघायचं का?