आईचं ‘ते’

अशी जवळ सरक, पोरी. फोनवर ‘आई, बरी आहेस ना?’ एवढं विचारतेस आणि माझं ‘हो’ ऐकायच्या आत ठेवून देतेस. ही काय रीत झाली? आज मी लिहून राहिले, तर तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सतरा वर्षांची, लग्न व्हायचं होतं. डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, बोटाखाली इकडून तिकडे सरकायची, म्हणून गप्प राहिले. वर्षभरात ती बेलफळाएवढी झाली. पोलकं डावीकडून उसवून सैल केलं तरी पुरेना. रोवणीला धानाच्या बांधीत रोपं लावायला वाकलं की ते ओझं पुढं लोंबायचं. म्हणून मी बायांच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला उभी राहायची, त्या अंगाला कोणी नको. शेजारची काकू म्हणायचीच, “काहून वं, एवढा पदर गुंडाळून राहिली? आम्ही का चोर आहोत?” साऱ्या हासायच्या. मीही हासायची.

शेवटी आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, न्हाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी दिघोरीहून एस.टी.नं भंडाऱ्याला घेऊन गेली.

आमच्या घरात अंगाच्या गोष्टींना नावंच नव्हती. महिन्याची अडचण म्हणजे ‘ते’. छाती म्हणजे ‘ते’. आता गाठही ‘ते’ झाली. डॉक्टरांनी मला तपासलं आणि आईला पडद्याबाहेर नेऊन नीट समजावलं. ती आत आली आणि फरशीकडं पाहत म्हणाली, “साधं आहे म्हणते. ते काढून टाकतीन.”

“पूर्ण?”

“पूर्ण. नाही तं पुन्हा वाढते.”

मी समजले, छातीच जाणार.

घरी तान्हा भाऊ होता. मला दाखल करून आई गावी परतली, ऑपरेशनच्या दिवशी येते म्हणाली. बाजूच्या खाटेवरच्या एका म्हातारीनं विचारलं, “कितवा महिना वं तुले?”

“अपेंडिस आहे,” मी म्हटलं. आई तसंच सांगायला सांगून गेली होती.

“मग छाती काहून झाकून राहिली? अपेंडिस तं पोटात राहते.”

मी भिंतीकडं तोंड केलं. आपल्याशी लग्न कोण करेल, आणि केलंच तर लेकराला काय पाजू, हेच डोक्यात. डॉक्टर फेरीला आले की विचारायचे, “काही विचारायचं आहे का?” मी मान हलवून नाही म्हणायची. पुरुष माणसाला कोणत्या शब्दात विचारणार होते?

ऑपरेशननंतर जाग आली तर छातीभर घट्ट पट्टी. आई उशाशी. “झालं, बाई. निघालं ते सारं.” मी चादर तोंडावर ओढली. तिला वाटलं दुखतं, ती पाय चेपत बसली.

पट्टी बदलायला केरळकडची सिस्टर आली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

“आँख क्यों बंद किया? देखो. तेरा ही है.”

पाहिलं. होतं. कातडी सैल पडलेली, खालून टाक्यांची वाकडी रेघ, पण होतं. गाठ तेवढी काढली, कातडी हळूहळू आवळेल, असं तिनं सांगितलं. मला हासू आवरेना.

“टाके ओढतीन. हासून काहून राहिली?” आई म्हणाली.

“असंच.”

गाठ तपासायला पाठवली होती, तीही साधीच निघाली. गावात मात्र अपेंडिसच राहिलं. पुढं लग्न झालं. तुझ्या बाबांनी व्रण पाहून एकदा विचारलं, “दुखते का?” मी नाही म्हटलं. त्यावर आमचं आयुष्यात तेवढंच बोलणं.

ऐंशीनंतर तू झालीस. बाळंतपणाला आई आली होती. मी तुला डावीकडं लावलं आणि दूध उतरलं. आईनं ते पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चुलीतली लाकडं सारायला उठून गेली. तेव्हा मला तिच्याशी बोलायचं होतं. ऑपरेशनच्या वेळी मी काय समजून रडले ते सांगायचं होतं. ती डिंकाचा लाडू घेऊन परत आली. “खाय,” म्हणाली. मी खाल्ला.

आता ती नाही, तुझे बाबाही नाहीत. हे जाणणारं दुसरं कोणी उरलं नाही. स्वयंपाक एकटीचा, ताट एकटीचं. कागदावर अर्धंच उतरतं बघ, समोर माणूस लागतं. धान कापणी आटोपली की लवकर ये. सकाळी येऊन संध्याकाळची एस.टी. धरायची नाही. मुक्कामाला ये.