वॉकरपुरती वाट

घर कसं आवरावं हे मला कुणी शिकवायला लागलं की डोक्यात तिडीक जाते. माझी नणंद कडा गावात असते. ती मोबाइलवर व्हिडिओ पाठवते. पांढरी कपाटं, काचेच्या बरण्या आणि मधोमध हसत उभी असलेली एक बाई. खाली नणंदेचा शेरा, "वहिनी, रोज थोडा येळ दिला तरी व्हतंय." आमच्याकडे पुढे किराण्याचं दुकान, मागे घर, आणि दुकानात जे मावत नाही ते सगळं घरात. नळाला पाणी आलं तर आलं, म्हणून उरलेल्या जागेत पाण्याचे ड्रम. त्या हसणाऱ्या बाईला एक दिवस नांदूरघाटला आणून बसवा, मग बघू तिचे दात.

दुकान मात्र येऊन बघावं असं. सकाळी शटर वर गेलं की नवरा आणि दीर आधी उंबरा पुसतात, उदबत्ती लावतात. साबणाची फळी वेगळी, काडेपेट्यांची वेगळी. लाइट गेली तरी नवरा अंधारात हात घालून हळदीचा पुडा काढून देतो. तेच दोघे मधल्या दारातून घरात आले की टॉवेल खुर्चीवर, चपला वाटेत, आणि गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, पेंडीची पोती मधल्या बोळात. यांना आवरता येत नाही असं कुणी मला सांगू नये. येतं, चांगलं येतं. फक्त आत बायका वावरतात तिथे ते करावं असं त्यांना वाटत नाही.

तेही मी सोसलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात सासूबाई त्याच बोळात पेंडीच्या पोत्याला अडखळून पडल्या. खुबा मोडला. बीडला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. घरी आणल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. ती माणसं पोत्यांवर टेकून चहा प्यायची आणि मला म्हणायची, "घर जरा आवरून ठिवत जावं बाई, म्हातारं माणूस हाय." ज्या पोत्याने पाडलं त्याच्यावरच बसून! सासूबाई खाटेवरून त्यांना दुजोरा द्यायच्या, "हिला उरकच न्हाई." पोती ठेवणाऱ्या लेकांबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. मी कप गोळा करत होते. एखादा भिंतीवर फेकावा असं मला खरंच वाटलं.

डॉक्टरांनी वॉकर दिला होता. चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील, असं स्पष्ट सांगितलं होतं. सासूबाईंना चालून जायचं होतं तरी कुठे? खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि तिथून देवघरात. आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या चहाचा घोटसुद्धा घेत नाहीत. खाटेवर बसून पूजा करायला त्या तयार नव्हत्या. आणि पोत्यांच्या मधून वॉकर जात नव्हता. मग मी त्यांना कमरेला धरून आडवं आडवं चालवत न्यायची. पाणी सुटलं, स्वयंपाक लांबला, की मला यायला उशीर व्हायचा. त्या तोवर तशाच उपाशी बसून राहायच्या.

तेव्हा मी घर आवरायचा नादच सोडला. धुण्याचा ढीग पडू दे, कोपऱ्यात जाळी धरू दे. खाटेपासून न्हाणी आणि न्हाणीपासून देवघर, एवढी वॉकरपुरती वाट मोकळी राहिली पाहिजे, बास. मी फरशीवर दोन्ही बाजूंना गेरूच्या रेघा ओढल्या आणि नवऱ्याला बजावलं, "ह्या रेघांच्या आत काहीही ठेवायचं नाही. तुमच्या आईंना चालता येत नाही." तो "बरं" म्हणाला. दुपारी बघते तर आत तेलाचे डबे. विचारलं तर माझ्यावरच डाफरला, "घडीभर ठिवलेत. कावून डोकं खातीस? ठिवायला गोदाम हाय का आपल्याला?" दिराने तर नेमकं रेघेवर पोतं ठेवलं आणि "भाईरच हाय की, वहिनी" म्हणून दात काढले. मी पोती ओढून काढायची, ते पुन्हा आणून टाकायचे. असे दोन-तीन महिने गेले.

श्रावणात एका सकाळी फोन आला. मठाचे महाराज मांजरसुंब्यापर्यंत पोचलेत, पाद्यपूजेला आपल्याकडे थांबतील. फोन ठेवल्याबरोबर दोघे भाऊ शर्ट काढून बोळात शिरले. पोती दुकानात गेली, डबे फळ्यांखाली गेले, ढेपा गल्ल्यामागे एकावर एक चढल्या. कुणी घडीभर म्हणालं नाही, गोदामाचं नाव काढलं नाही. महाराज येईपर्यंत बोळ धुऊन निघाला होता. माझ्या रेघाही पुसल्या गेल्या आणि दारापासून देवघरापर्यंत पायघड्या अंथरल्या गेल्या. मी पिठाचे हात घेऊन नुसती बघत राहिले. म्हणजे जागा होती. मोडक्या खुब्याच्या आईसाठी ती नव्हती, एवढंच!

महाराज प्रसाद घेऊन गेले. त्यांची गाडी वळली नसेल तोच दीर खांद्यावर पोतं घेऊन आत आला. बोळाच्या मधोमध, पायघड्यांवर, सासूबाई वॉकर धरून उभ्या होत्या. एकट्याच उठून आल्या होत्या.

"सर की, आई."

"न्हाई सरत. आज जागा कुठून आली रे?"

"महाराज आलते म्हणून..."

"मला बी देवाकडंच जायचं असतंय. पोतं ठिवायचं तर आदी मला उचलून भाईर ठिवा."

नवरा धावत आला. "आई, गिऱ्हाईक बघतेत."

"बघू द्या."

दीर पोतं घेऊन मागे फिरला. त्यानंतर बोळात एक डबासुद्धा आला नाही. सासूबाई आता रोज स्वतःच्या पायांनी देवघरात जातात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण त्याच दिवशी संध्याकाळी नवरा जेवायला बसला होता. मी शेजारी बसून वाढत होते. तो अगदी कळवळून म्हणाला, "आईला एवढा तरास व्हत व्हता, तर तू आदी कावून सांगितलं न्हाईस?"

हातातली भाकरी मी त्याच्या ताटात टाकली नाही. परत टोपल्यात ठेवली आणि उठले.