झिऱ्यातला साबण

सूर्यमाळच्या खालच्या ओहोळात एका पाड्याचे पिण्याचे पाणी मी नासवले होते. ही गोष्ट मी घरी किंवा मित्रांत कधीही बोललो नाही. त्या सहलीचा विषय निघाला की मी तिथल्या शांततेचे वर्णन करीत असे.

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलची अखेर होती. आम्ही तिघे मित्र ठाण्याहून मोखाड्याच्या जंगलातल्या एका तंबूंच्या मुक्कामावर गेलो होतो. तिथे नळ नव्हता आणि आम्हाला त्याचेच कौतुक होते. आमच्यासाठी पाण्याचे एक पिंप भरून ठेवले होते. मुक्कामाचा मालक गावातलाच शेतकरी. त्याने संध्याकाळीच बजावले, "साहेब, लागेल ते पिंपातलं घ्या. खाली झिरा आहे, त्याला हात लावू नका. तो पाड्याचा."

झिरा म्हणजे ओहोळाच्या कोरड्या पात्रात खणलेला खड्डा. रात्रभर त्यात पाणी पाझरते आणि पहाटे बायका ते वाटीने उपसून हंडे भरतात. संध्याकाळी जी शेवटी भरेल, तिने त्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, म्हणजे गुरे तोंड घालत नाहीत. सकाळी पाणी नासलेले निघाले तर जाब तिलाच द्यावा लागे. हे सारे मालकाने मला सांगितले होते, त्यामुळे अज्ञानाची सबब मला नाही.

पिंपातले पाणी आम्ही हातपाय धुण्यातच संपवले. पहाटे घामाने अंग चिकट झाले होते. मी साबण घेऊन ओहोळात उतरलो, फांद्या बाजूला ओढल्या आणि काठावर बसून अंघोळ केली. पांढरा फेस ओघळत पुन्हा खड्ड्यात गेला. तो मी पाहिला. बसेल खाली, असे मनाशी म्हणालो आणि फांद्या तशाच टाकून चढ चढू लागलो.

वर पोचून केस पुसत होतो, तोच खाली झिऱ्यावर बायका आल्या आणि फेस पाहून थबकल्या.

"काल शेवटी कोन होती?"

"मीच. पन काटे घातले होते, बाय."

'मीच' म्हणणारी बाई मुक्कामावर आमच्या भाकऱ्या करीत असे. तिच्या घरी जमीन नव्हती, झोपडी पाड्याच्या अगदी टोकाला होती आणि झिऱ्यावर तिचा नंबर नेहमी शेवटचा असे.

"काटे घातले, मग बैलानं साबण लावून अंघोळ केली काय?"

दोघीतिघी हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. "तंबूत साबण मिळतो ना हिला. मडम झाली आता! आमची पोरं काय पितील गं?"

त्यांनी खड्ड्यातले सगळे पाणी उपसून वाळूत फेकले. नव्याने पाझरायला दुपार उजाडणार होती. मी तंबूत गेलो.

त्या संध्याकाळी भाकरी उशिरा आली. मालक म्हणाला, "तिला झिऱ्यावर येऊ नको म्हणालेत सगळे. दरीतल्या विहिरीवरून पाणी आणते आता." मी "अरेरे" म्हणालो. तेवढ्यात तिने माझ्या ताटात भाकरी टाकली आणि मी ती खाल्ली.

या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतली टाकी रिकामी झाली. कुणीतरी नळ उघडा ठेवल्याचा आळ कामवालीवर घेतला आणि जिन्यात उभा असलेला मी पुन्हा "अरेरे" म्हणालो. तो स्वर मी ओळखला. दुसऱ्या दिवशी जव्हारची एसटी धरली आणि तिथून सूर्यमाळ गाठले.

ती दरीतूनच वर येत होती. डोक्यावर हंडा होता आणि एक गुडघा वाकत नव्हता. तिने मला ओळखले. तिच्या अंगणात बसून मी सारे सांगितले. तिने हंडा उतरवला, त्याच्यावर ताटली ठेवली.

"मला तवाच माहीत होतं. भाकरी वाढली तवा तुमच्या अंगाला साबणाचा वास येत होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पाव्हन्याचं नाव घेतलं असतं तर काम गेलं असतं, दादा. पानी तर गेलंच होतं."

मी खिशाकडे हात नेला. तिने मान हलवली. "ते नको. आनि मला कशाला सांगता? मी नव्हतं केलं, हे मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुढे चालली, मी मागे. झिऱ्यावर पोचलो तेव्हा बायकांची बडबड थांबली. "ही कशाला आली आज?" कुणीतरी पुटपुटले. ती हंडा जमिनीवर ठेवून माझ्याकडे पाहत उभी राहिली. माझा आवाज मुळातच लहान. पहिले शब्द फक्त मलाच ऐकू आले.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली.

"त्या दिवशी इथे साबण मी लावला. काटे मी काढले आणि परत घातले नाहीत. यांनी झिरा नीट झाकला होता. तुम्ही यांना बोलत होतात तेव्हा मी त्या चढावर उभा होतो. सगळं ऐकलं आणि गप्प बसलो." मी तिच्याकडे वळलो. "ताई, माझं चुकलं. मला माफ करा."