रूथमावशीला मिळालेली दोन मिनिटं

नागपूरच्या विमानतळावर आईने मला जवळ घेतलं आणि एवढंच सांगितलं, "कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नको, बाई. आपण भले नि आपलं काम भलं." इथे अमेरिकेत, जर्सी सिटीत, मी हे इतकं पाळलं की शेजारणीचं नावही कित्येक महिने विचारलं नाही. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे खरं वाटणार नाही.

ती शेजारीण म्हणजे रूथमावशी. आफ्रिकेतून आलेली, ऐंशीच्या घरातली, लाँड्री रूममध्येसुद्धा डोक्याला कडक इस्त्रीचा रुमाल. तिच्या देशात मुलींचं पहिलं हायस्कूल तिने काढलं. आया मुलींना शेतातून सोडत नव्हत्या, तर ही बया स्वतः निंदायला बसायची आणि म्हणायची, "तुमचं काम मी केलं, आता मुलगी द्या." पुढे निवडून आली, शिक्षणमंत्री झाली. मग लष्कराने सरकार पाडलं, तिच्या शाळेला कुलूप घातलं आणि तिला एका बॅगेनिशी निघावं लागलं. इथे ती माझ्या लेकीच्या शाळेत, या देशात नव्याने आलेल्या आईबापांना संध्याकाळी इंग्लिश शिकवते. माझ्या सासूबाई तिच्याच वर्गात शिकून एकट्या डॉक्टरकडे जायला लागल्या.

यंदा तो वर्ग बंद करायचं स्कूल बोर्डाच्या मनात आलं. मंगळवारी व्होटिंग. आपली माणसं बोर्डाच्या खुल्या मीटिंगला आली तर काही होईल, म्हणून मी एप्रिलातल्या जयंतीला मावशीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं.

आता आपले कार्यक्रम तुम्हाला ठाऊकच. बुद्धवंदना झाली आणि सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा सत्कार, स्पॉन्सरचा सत्कार, साउंडवाल्याचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मंडळाचे अध्यक्षकाका "दोनच शब्द बोलतो" म्हणाले, तेव्हाच मी घड्याळ बघितलं. हॉल वेळेवर रिकामा करून द्यायचा होता. मावशीच्या हाती माइक आला तेव्हा जेमतेम दोन मिनिटं उरली होती आणि मागचे लोक जेवणाच्या वासाने उठायला लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खांद्यावरच्या शालीसकट उभी राहिली आणि सावकाश इंग्लिशमध्ये बोलली. "मी ज्या देशात शाळा उघडल्या, तिथे मला पाय ठेवता येत नाही. तुम्हाला दोन्हीकडचे दरवाजे उघडे आहेत, आणि तुम्ही दोन्हीकडे पाहुण्यासारखे वागता. मंगळवारी माझा वर्ग बंद होतोय. मला शाल नको, तुम्ही या." बसली. टाळ्यासुद्धा उशिरा वाजल्या.

मंगळवारी लोक आले, यार. अध्यक्षकाका तर सगळ्यांच्या आधी, टाय लावून. पण माइककडे कोणी जाईना. तिथे आधी नाव आणि पत्ता सांगायचा असतो. माझी लेक म्हणाली, "आई, यू गो फर्स्ट." कोणी कुठली विचारलं की मी आजवर नागपूरच सांगायचे, इथला पत्ता फक्त पार्सलसाठी. त्या दिवशी मीच पुढे गेले नि बिल्डिंग, मजला, फ्लॅट, सगळं सांगितलं. आणि मग चांगली कडाकडा भांडले. काकाही बोलले, सासूबाई मोडक्या इंग्लिशमध्ये बोलल्या. वर्ग वाचला, सध्या एका वर्षापुरता.

पार्किंग लॉटमध्ये आम्ही सगळे हसत होतो. मावशी एकटी रडत होती. मला वाटलं, आनंदाने.

"माझ्या शाळेला कुलूप लावलं ना," ती म्हणाली, "तेव्हा कोणीसुद्धा आलं नव्हतं."

मी तिचा हात धरला. "चला मावशी, घरी जाऊ," म्हटलं, आणि त्या वेळी मला नागपूर आठवलं नाही.