सप्टेंबरचं पान

"एकही धागा तुटू दिला नाही मी! एकही! विचार तुझ्या बायकोला." बर्नाडेटने बिस्किटांचा डबा मुलापुढे धरला. आत पांढऱ्या सुताचे अकरा गुंडे होते, सगळे सारखे, घट्ट.

"मम्मी, तो डबा खाली ठेव आधी," वेस्ली म्हणाला.

"का? चोरी केली? लाँड्रीत उशीच्या अभ्र्यात कोंबून ठेवलं होतं. नुसता गुंता, त्यात त्या गुलाबी प्लास्टिकच्या दोऱ्या. म्हटलं चांगलं सूत आहे, फेकून देईल ही. चार दिवस डोळे फोडून एकेक गाठ कापली. चर्चच्या आल्टरक्लॉथला लेस होईल."

"ग्रॅन, प्लीज. जस्ट स्टॉप," एल्सा म्हणाली. ती युनिव्हर्सिटीतून नुकतीच आली होती, बॅग अजून खांद्यावर होती.

रुफिना ओट्याशी उभी होती. अंगावर वृद्धाश्रमाचा निळा युनिफॉर्म. तिने एक गुंडा उचलला, हातात फिरवला, परत ठेवला.

"गुंता नव्हता, मम्मी. कापड होतं ते," ती म्हणाली.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या त्या घरात एकवीस वर्षं रुफिनाची ओळख म्हणजे वेस्लीची मलेशियन बायको. पार्टीत कुणी जास्त विचारलं तर वेस्ली सांगायचा, "बोर्निओची आहे, तिचे पूर्वज मुंडकी छाटायचे," आणि सगळे हसायचे. रुफिनाही हसायची. ती बोर्निओच्या मूळ रहिवासी दायाकांपैकी इबान जमातीची, सारावाकमधल्या नदीकाठच्या गावची. नर्सिंग शिकायला आली, चर्चच्या क्वायरमध्ये वेस्ली भेटला, राहिली. अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि बर्नाडेट वसईहून इथे आली. तिच्याकडून रुफिना मराठी शिकली, बोंबिलाचं कालवण शिकली. रुफिनाकडून कुणी काही शिकलं नाही.

स्वयंपाकघरात पॅरिशच्या कॅलेंडरशेजारी दुसरं एक कॅलेंडर असायचं. सिडनीतलं दायाक मंडळ दरवर्षी छापतं ते. बारा महिने, बारा नाव कमावलेली माणसं. कुणी आमदार, कुणी देशाच्या जर्सीत धावलेली मुलगी, कुणी सापे हे तंतुवाद्य वाजवणारा, कुणी गोंदणारा. रुफिना बोट ठेवून सांगायची, "ही माझ्या आईच्या नदीवरची." वेस्ली म्हणायचा, "तुझ्या नदीवर साधं माणूस राहतं की नाही कोणी?"

गेल्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. पुढच्या कॅलेंडरचा सप्टेंबर रुफिनाला. विणकर म्हणून. तिने विणलेल्या पुआ या पारंपरिक कापडासोबत फोटो हवा, यंदाच्या एप्रिलपर्यंत.

पुआ विणण्याआधी बांधावं लागतं. ताण्याचे उभे धागे चौकटीवर ताणायचे, जिथे रंग नको तिथे दोरीने गच्च आवळायचं, मग रंगात बुडवायचं. नक्षी कागदावर नसते, गाठींमध्ये असते. मगरीची नक्षी आजीने मरताना रुफिनाला दिली होती. ती बांधण्याची परवानगीच दिली होती म्हणायची, कारण तिच्या गावात मोठी नक्षी कुणीही उठून बांधत नाही. रुफिनाने "पुढे बघू" म्हणत एल्साला वाढवलं, सासूला आणलं, डबल शिफ्ट केल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गॅरेजमध्ये चौकट उभी केली. सुट्टीच्या दिवशी बांधायची. अकरा महिने लागले. आजीचा नियम होता, रंग चढेपर्यंत नक्षीबद्दल बोलायचं नाही. रुफिना बोलली नाही. विचारलंही नाही कुणी. वेस्लीने एकदाच विचारलं होतं, "बार्बेक्यूच्या आधी ही चौकट हलेल का?"

गेल्या आठवड्यात बांधणं संपलं. चौकटीवरून काढून तिने ते अभ्र्यात ठेवलं होतं, शनिवारी रंगवायला.

"फोटोची तारीख पुढे ढकलायला सांग ना त्यांना," वेस्ली आता हळू आवाजात म्हणाला.

"किती पुढे? अकरा महिने?"

बर्नाडेट एव्हाना खुर्चीत बसली होती. डबा मांडीवर. "मला सांगायचंस तरी एका शब्दाने," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी बांधते परत. माझा हात बारीक आहे. कुठे बांधायचं ते दाखव फक्त."

रुफिनाने तिच्याकडे पाहिलं. कात्रीने बर्नाडेटच्या अंगठ्याला फोड आला होता, त्यावर बँडेड होतं.

"नाही येणार तुम्हाला, मम्मी."

"आईला कॅलेंडरसाठी अजून एखादा चान्स..." एल्सा वेस्लीला म्हणत होती, पण रुफिनाने हात वर केला.

"मंडळाला मी दुपारीच फोन केला. सप्टेंबर दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं."

वेस्लीने पॅरिशच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर डिसेंबरपर्यंतची पानं त्याने स्वतः उलटून ठेवली होती. नाताळच्या आठवड्याभोवती लाल गोल होता: वसई, सगळे. रुफिनाची लाँग सर्व्हिस लीव्ह, इतक्या वर्षांच्या नोकरीवर साठलेली मोठी रजा, त्यासाठीच राखली होती.

"लीव्हसुद्धा टाकली मी," रुफिना म्हणाली. "मार्चपासून, सगळी. गावी मावशी आहे, अजून बांधते. तिच्याकडे बसणार. वसईला मम्मींना तू घेऊन जा. मी एकटी जातेय."