मीन राशीला केरळ

“मिसेसची रास मीन.” कर्णिकसाहेबांनी काउंटरशेजारच्या भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. “मीन म्हणजे केरळ. ठरलं तर मग.”

शेजारच्या खुर्चीत कर्णिकबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मी फॉर्म पुढे केला. साहेबांनी तो सुवाच्य अक्षरात भरला आणि बाईंच्या पत्रिकेची झेरॉक्स जोडली. आम्ही ती मागितली नव्हती. सही करताना ते म्हणाले, “इतकी वर्षं सुट्टी मिळाली की माझ्या मनाने फिरलो. आता रिटायर झालोय. आता हिच्या राशीने जायचं.”

बाई हसल्या. दोघं उठून गेले. मी फॉर्म फाइलला लावला.

कर्णिक हे त्यांचं खरं आडनाव नाही. बाकी सगळं घडलं तसं सांगते.

नव्वदच्या दशकात मी उल्हासनगरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत काउंटर सांभाळत होते. मालक सिंधी होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. माणूस मेहनती, डोक्यात सतत काहीतरी नवीन. एकदा सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघताना त्यांनी एका इंग्रजी मासिकात राशीवरून स्वभाव सांगणारं पान वाचलं आणि तसेच ऑफिसला आले.

“वैशाली, राशी के हिसाब से टूर. आपल्या एरियात कोणी केलं नाही.”

मी अडचण सांगितली. आपल्याकडे जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत असतो ती आपली रास. इंग्रजी मासिकवाले सूर्यावरून, म्हणजे जन्मतारखेवरून काढतात. एकाच माणसाच्या दोन राशी निघतील.

“मग ज्याला जी आवडेल ती घेऊ दे ना,” शेठ म्हणाले.

तक्ता मी एका दुपारी केला. कुठल्या गावातल्या हॉटेलांशी आमचं आधीपासून जमलेलं होतं ते पाहिलं आणि त्यावर राशी बसवल्या. सिंहेला रुबाब आवडतो, म्हणून राजस्थानचे किल्ले. कन्येला टापटीप आवडते, म्हणून म्हैसूर आणि बंगलोर. वृषभेला आराम हवा, म्हणून महाबळेश्वर. मीन म्हणजे मासे, मासे म्हणजे पाणी, म्हणून केरळ आणि तिथला दिवसभराचा बोटीचा प्रवास. पेंटरने तक्ता रंगवून दिला. वर नक्षत्रं काढली.

तक्ता चालला. अंबरनाथच्या फॅक्टऱ्यांमधले ऑफिसर आणि बदलापूरचे बँकवाले यायचे, स्वतःची रास शोधायचे आणि “अगदी बरोबर आहे हो” म्हणायचे. एका बौद्ध कुटुंबाने तेवढा राशीचा रकाना तिरकी रेघ मारून सोडून दिला आणि खाली लिहिलं, “सांची बघायची आहे.” त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. कुठे जायचं ते घरूनच ठरवून आलेली माणसं त्या सीझनला तेवढीच.

कर्णिकसाहेब अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत शिफ्ट इनचार्ज होते. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. केरळच्या ग्रुपला त्यांनी आणखी दोन जोडपी जोडून दिली. मी रूमिंग लिस्ट केली. रूमिंग लिस्ट म्हणजे कोण कुठल्या खोलीत, याचा कागद. तो एकदा हॉटेलला गेला की बदल करणं कटकटीचं होतं.

कागद पाठवायच्या आदल्या दिवशी कर्णिकबाई एकट्या आल्या. सकाळची वेळ होती. शेठ बाहेर गेले होते.

“तो तक्ता कोणी केलाय?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडेच केलाय,” मी म्हणाले.

“ज्योतिषाने?”

मी फॉर्मचा गठ्ठा सरळ केला. त्या खुर्चीत बसल्या.

“माझी रास बदलता येईल का? पत्रिकेतली नाही म्हणत मी. तुमच्या फॉर्मवरची. यांना सांगा, चूक झाली, मीनला दुसरीकडे कुठेतरी आहे म्हणून.”

“केरळ आवडत नाही का तुम्हाला?”

“केरळचं काही नाही. मला होडीत बसायचं नाही.”

बोट लागते का, असं मी विचारलं. तशी पुष्कळ गिऱ्हाइकं असतात, त्यांना आम्ही गोळी आणि लिंबू देतो. बाई म्हणाल्या, “नाही. मी बसतच नाही. बहिणीनंतर कधीच नाही.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कोकणात, खाडीच्या काठी. थोरली बहीण अठरा वर्षांची असताना पलीकडच्या गावाहून होडीने येत होती. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी ती पाण्यात गेली. पाय घसरला म्हणून गेली की उडी मारली, यावर गावात खूप बोललं गेलं. कर्णिकबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि काठावर उभ्या होत्या.

“माझं लग्न ठरवताना वडिलांनी सांगितलं, मोठी तापाने गेली. उगाच चौकशा नकोत म्हणून. यांना अजून तेच माहीत आहे.”

“इतकी वर्षं?”

“पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं. मग आता कशाला, असं वाटत गेलं. ते चिडतील म्हणून नाही. पण तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारतील. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.”

मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही कोणाला सांगू नका.”

मी नाही सांगणार म्हणाले.

त्या गेल्यावर मी तक्त्याकडे बघत बसले. मीन म्हणजे पाणी, ही ओळ लिहायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

रास बदलून भागणार नव्हतं. साहेबांनी पत्रिका जोडलेली होती. मी कोचीनच्या ग्राउंड एजंटला फोन लावला. ग्राउंड एजंट म्हणजे तिथला आमचा माणूस, जो बस आणि हॉटेलं बघतो. एका बाईला बोटीऐवजी रस्त्याने नेता येईल का, असं विचारलं. तो म्हणाला, गाडी देतो. पण मग कर्णिकसाहेब विचारणार, का? आणि दिवसभर जिकडे तिकडे पाणीच. हॉटेलच्या खिडकीतूनसुद्धा पाणी दिसतं, असं आम्हीच जाहिरातीत छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी रूमिंग लिस्ट मी पाठवली नाही. दुपारी साहेबांना फोन करून बोलावून घेतलं.

ते आले. मी म्हणाले, “साहेब, हा तक्ता मी केलाय. मला ज्योतिष येत नाही. जिथे आमची हॉटेलं होती तिथे राशी लावल्यात.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे मीनचा आणि केरळचा काही संबंध नाही?”

“काहीच नाही.”

“मग लावलाच कशाला? आणि आता का सांगताय?”

“लावायला नको होता. तुम्ही मिसेससाठी जाताय म्हणून सांगतेय. त्यांना विचारून ठरवा.”

“विचारलं की मी. ती म्हणते, कुठेही चालेल. कायम तेच म्हणते. म्हणून तर तक्ता बरा वाटला. निदान कोणीतरी सांगतंय तिला काय आवडतं ते.”

मी तोंडात आलं ते बोलले. “कुठे जायला आवडेल ते विचारू नका. कुठे जायचं नाही, ते विचारा.”

“काही विशेष?”

“मी एवढंच सांगू शकते.”

त्यांनी चष्मा परत लावला. हुशार माणूस. पुढे काही विचारलं नाही. फॉर्म तसाच ठेवा म्हणाले आणि गेले.

तीन दिवस काही कळलं नाही. कोचीनहून लिस्टसाठी दोनदा फोन आला. आज पाठवते, उद्या पाठवते, असं मी सांगत राहिले. आपण एका घरात नको तिथे हात घातला, असं वाटत होतं. चौथ्या दिवशी दोघं आले. बाईंचे डोळे सुजलेले होते, पण त्या पुढे चालत होत्या. साहेब मागे.

“राजस्थान,” बाई म्हणाल्या. “जैसलमेर. वाळवंट बघायचंय.”

“सिंह रास आहे ती,” शेठ टेबलावरून म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

कर्णिकसाहेब त्यांच्याकडे वळले. “तुमच्या मॅडम प्रामाणिक आहेत. तक्त्यात काही अर्थ नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. असा स्टाफ मिळत नाही, सांभाळा.”

माझी स्तुती करायची म्हणून ते बोलले. शेठनी हसून चहा मागवला. चहा होईपर्यंत ते जैसलमेरच्या थंडीबद्दल बोलले, स्वेटर न्या म्हणाले. कर्णिक पतीपत्नी गेल्यावर त्यांनी काचेचं दार लावून घेतलं.

“तक्ता झूठा आहे असं तू बोललीस?”

“हो.”

“क्यूं?”

“खोटा आहे म्हणून.”

“ते मला पण माहीत आहे. कस्टमरला बोलायची काय गरज होती? काही प्रॉब्लेम होता का?”

प्रॉब्लेम होता. पण तो माझा नव्हता, त्यामुळे सांगता येत नव्हता. “नाही,” मी म्हणाले.

शेठ आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी मला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत टायपिंगला बसवलं. पुढचा सगळा सीझन मी तिकडे होते. केरळच्या ग्रुपमधली ती दोन जोडपी ठरल्याप्रमाणे गेली आणि खूश होऊन परत आली. त्यांच्या फॉर्मवरच्या राशी मेष आणि धनू होत्या. तक्ता आणखी दोन वर्षं भिंतीवर राहिला, मग रंग उडाला म्हणून काढला.

कर्णिकसाहेब जैसलमेरहून आल्यावर मला भेटायला मागच्या खोलीत आले. हॉटेल बरं होतं, जेवण तिखट होतं, बस एकदा बंद पडली, असं सगळं क्रमाने सांगितलं. मग म्हणाले, “वाळूत संध्याकाळी दोघंच बसलो होतो. ही बोलत होती. बहिणीबद्दल. कशी दिसायची, काय शिवायची, कशावरून भांडायची. अंधार पडेपर्यंत बोलत होती.” उठताना ते म्हणाले, “तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही.”

पुढे मी काउंटरवर परत आले, तेव्हा फॉर्म नव्याने छापायचे होते. मी खाली एक ओळ घातली : ‘कुठे जायचं नाही?’ शेठ म्हणाले, असलं उलटं कोण विचारतं. पण फॉर्म छापून झाले होते.

लोक ती ओळ भरायचे. एकाने लिहिलं, जिथे जिने फार आहेत तिथे. एकीने लिहिलं, जिथे नणंद राहते तिथे. कुठे जायचंय या रकान्यात माणसं शेजाऱ्याकडून ऐकलेली नावं लिहितात. नको असलेली जागा मात्र प्रत्येकाची स्वतःची असते. मी पुढे नोकरी सोडेपर्यंत फॉर्म हातात आला की आधी ती ओळ वाचायची आणि मग वरचं नाव.